मूल घेऊन कोण आलंय, तिथून सुरुवात करा: बाल ओपीडीत येणाऱ्या प्रशिक्षणार्थी मानसशास्त्रज्ञांसाठी

क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. करताना कधीतरी तुमची पोस्टिंग मुलांच्या ओपीडीत लागते. त्याच्या आधीच्या आठवड्यात बहुतेक जण मला फोन करून एकच विचारतात, "मॅडम, कुठल्या टेस्ट वाचून येऊ?" टेस्ट वाचाच. पण मी काम करते ते बीड जिल्ह्यात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात. इथे यायचं तर आणखी एक तयारी लागते, आणि ती पुस्तकात पटकन सापडत नाही. म्हणून हे लिहिते आहे. मुंबई-पुण्याच्या केंद्रात जाणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली मुंबईत सुरू झालं, आणि ते समाजकार्य शिकवणाऱ्या सर दोराबजी टाटा संस्थेत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मुलाकडे बघायचं तर त्याचं घर, शाळा, वस्ती सोडून बघता येत नाही, हे आपल्याकडे या कामाच्या जन्मापासून ठरलेलं आहे.

मूल खोलीत शिरलं की मनात तीन प्रश्न धरा. तक्रार कोणाची आहे? त्रास कोणाला होतोय? आणि उद्या सकाळपासून काही बदलायचं तर ते कोणाच्या हातात आहे? नवखा माणूस या तिन्हींचं उत्तर 'मूल' असं धरून चालतो. प्रत्यक्षात अनेकदा तिन्ही उत्तरं वेगवेगळी असतात. तक्रार गुरुजींची असते, त्रास आजीला असतो, आणि बदल करू शकणारा बाप दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडात असतो.

पहिला अर्धा तास

पांढरा कोट काढून ठेवा. रुग्णालयात आलेल्या मुलाला कोट दिसला की सुई आठवते. मुलाच्या उंचीला बसून त्याला आधी एवढंच सांगा: "इथं सुई नाही. इथं आपण बोलतो, खेळतो, चित्र काढतो." मग मोठ्यांकडे वळा.

बरोबर आलेल्या माणसांची नाती नीट विचारून घ्या. आमच्याकडे मूल आई घेऊन येईलच असं नाही. आजी, मावशी, चुलत भाऊ, कधी आशाताई, कधी शाळेतले गुरुजी स्वतः. आजीला 'आजी' म्हणा, मुलाच्या आईला 'ताई', वडिलांना 'दादा' किंवा 'भाऊ', पागोटं घातलेल्या म्हाताऱ्यांना 'बाबा'. 'पेशंटचे नातेवाईक कोण?' असं दारातून ओरडू नका. घरातल्या ज्या माणसाच्या शब्दाला वजन आहे त्याला बसायला पहिली खुर्ची द्या. तो ताटकळला तर पुढच्या वेळी मूल येणार नाही.

पहिला प्रश्न ठेवा, "आज येणं कसं केलं?" त्रास दोन वर्षांचा असला तरी माणसं आजच का आली, याचं काहीतरी कारण असतं. शाळेने नाव काढायची धमकी दिली असेल. मुलीला बघायला पाहुणे येणार असतील. नाहीतर गावात कुणाचं तरी पोरगं आपल्या औषधाने बरं झालं असेल. हे कारण कळलं की त्यांची अपेक्षा कळते.

तक्रार त्यांच्याच शब्दांत केस पेपरवर उतरवा. "डोकंच चालत नाही." "घुम्यावानी बसतंय." "रातच्याला आंथरूण ओलं करतंय." "दातखिळी बसते." तुमचं निदान खाली, वेगळ्या ओळीत. त्यांचे शब्द पुसून तुम्ही वरती 'अटेन्शन डेफिसिट' (लक्ष न टिकणं) लिहिलंत तर तुमच्या पर्यवेक्षकाला घर दिसत नाही, फक्त तुमचं वाचन दिसतं.

बहुतेक घरांनी आपल्याकडे येण्याआधी देवऋषी, उतारा, ताईत, एखाद्या दर्ग्याची वारी असं काही केलेलं असतं. ते सरळ विचारा: "आधी काय काय करून बघितलं?" आणि ऐकताना चेहरा बदलू देऊ नका. त्या उपायांवर घराने पैसे आणि आशा खर्च केलेली असते. मी फक्त दोन ठिकाणी ठाम बोलते: मुलाला मारलं, चटके दिले, उपाशी ठेवलं असेल तेव्हा, आणि फिटचं चालू औषध बंद करायला सांगितलं असेल तेव्हा.

तारखांच्या मागे लागू नका. "किती महिन्यांपासून?" याला "लई दिवसांपासून" हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी सण विचारा. दसऱ्याला असं होतं का? दिवाळीत? गुढीपाडव्याला? आणि आमच्या भागात एक प्रश्न कधीच चुकवायचा नाही: "टोळी कधी गेली?" टोळी म्हणजे ऊसतोडीला जाणारा जथा.

हंगामाचं वेळापत्रक

जे बाहेरून येतात त्यांच्यासाठी थोडं सांगते. बीडमधून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती हंगामभर काम करून फेडायची. परत येणं होतं ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, साधारण मार्च-एप्रिलमध्ये. काही मुलं आईबापाबरोबर फडावरच्या कोपीत (झोपडीत) राहतात आणि शाळेला मुकतात. काही हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ मागे राहतात.

म्हणून आमच्या ओपीडीला वर्षाचा एक ठेका आहे. दिवाळीनंतर झोप न येणारी, अंथरूण ओलं करणारी, शाळेत रडणारी मुलं वाढतात. पाडव्यानंतर 'अभ्यासात मागे पडलं' म्हणून येणारी वाढतात. हा ठेका माहीत नसेल तर प्रत्येक मूल सुटं आजारी दिसतं.

एक उदाहरण देते. अनेक मुलांचं मिळून केलेलं आहे, ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही. आठ वर्षांचा मुलगा, आजीबरोबर आलेला. चौथ्या वर्षीच अंथरूण ओलं करायचं थांबला होता, दिवाळीनंतर पुन्हा सुरू झालं. आजी सांगते, "मुद्दाम करतंय, उठवलं तर उठत न्हाई." आजीला रोज गोधड्या धुवाव्या लागतात, पाणी लांबून आणायचं, गुडघे दुखतात. तक्रार आजीची आणि त्रासही आजीचा, हे आधी मान्य करा. तिच्या गुडघ्यांबद्दल दोन मिनिटं बोला. मगच ती मुलाबद्दल काही ऐकेल.

मग क्रमाने. आधी लघवीची तपासणी आणि रक्तातली साखर, कारण जंतुसंसर्ग आणि लहानपणचा मधुमेह दोन्हींत हेच दिसू शकतं. शौचाला घट्ट होते का, तेही विचारा. बद्धकोष्ठतेमुळे मूत्राशयावर दाब येतो. शारीरिक कारण नाही हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय 'आईबापाच्या विरहामुळे' असं निदान लिहायचं नाही, गोष्ट कितीही जुळत असली तरी.

नंतर घराचा नकाशा विचारा. मूल कुठे झोपतं, शेजारी कोण, मोरी कुठे, रात्री लाइट असते का. या मुलाच्या घरी रात्री लघवीला जायचं म्हणजे दाराबाहेर अंधारात, गोठ्याजवळून. पूर्वी आई उठून सोबत जायची. आजीला रात्री उठवत नाही. मूल अंधाराला भितं आणि आजीला जागं करायलाही भितं. इथे खेळ-चिकित्सेच्या आधी एक बॅटरी आणि घरातच झाकणाची बादली ठेवायची. झोपायच्या आधी आजीने त्याला बाहेर नेऊन आणायचं. संध्याकाळनंतर चहा बंद. सकाळी ओली गोधडी मोरीपर्यंत नेऊन ठेवायला मुलाने मदत करायची, शिक्षा म्हणून नाही, आजीचा भार हलका व्हावा म्हणून. आणि अंथरूण ओलं झाल्याचा विषय कुणासमोरही काढायचा नाही.

आईबापाची उणीव राहतेच. त्यासाठी फोनची वेळ ठरवून द्या. तोडीला पहाटे अंधारातच निघावं लागतं आणि गाडी भरून रिकामी होईपर्यंत रात्र होऊ शकते, म्हणून वेळ त्यांना विचारूनच ठरवायची. "जमेल तेव्हा करा" असं सांगितलं की मूल रोज संध्याकाळी फोनकडे बघत बसतं. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस पुरतात. भिंतीवरच्या कालनिर्णयावर ते दिवस मुलाच्या हाताने गोल करून घ्या, आणि आईबाप यायचा अंदाजे महिनाही दाखवा.

आईला "तुम्ही जाऊ नका" असं सांगायचा मोह होईल. सांगू नका. उचल घेतलेली आहे, ती फेडल्याशिवाय तिची सुटका नाही, आणि मूल मागे ठेवून गेल्याचा सल तिला आपल्यापेक्षा जास्त आहे. ज्या गोष्टी तिच्या हातात आहेत तेवढ्याच तिच्यापुढे ठेवा. मला हा या कामातला सर्वांत अवघड भाग वाटतो. आपण ज्याला उपचार म्हणतो त्यातला मोठा हिस्सा मजुरीचे दर, पाणी आणि वसतिगृहाची सोय यांच्या हातात असतो, आणि उरलेला छोटा हिस्सा तरी चोख करणं एवढंच आपल्याकडे राहतं.

मुलाबरोबर एकटं

खुर्चीवरून खाली, सतरंजीवर या. कोरे कागद, खडू, चिंचोके, सागरगोटे आणि भातुकलीची चार भांडी एवढं साहित्य पुरतं. महागड्या बाहुल्यांशी आमची मुलं खेळत नाहीत, त्या खराब होतील म्हणून हात लावायला घाबरतात.

"तुला काय त्रास होतो?" हे मुलाला विचारू नका. त्रास त्याला नसेलही, किंवा त्याने त्याला काही नाव दिलेलं नसेल. "घरात रात्री कोण कोण कुठं झोपतं ते काढून दाखव" असं सांगा. काढताना गप्पा होतात. चित्र हातात आलं की त्यातला अर्थ काढायला धावू नका. बाप छोटा काढला म्हणजे बाप नकोसा आहे असं नसतं. कागद संपला असेल. बोट ठेवून विचारा, "हे कोण? हे काय करतंय?" मूल सांगेल तेवढंच लिहा.

'का' हा शब्द टाळा. मुलांनी तो फक्त रागावलेल्या मोठ्यांकडून ऐकलेला असतो. "का मारलंस?" ऐवजी "मग काय झालं? त्याच्या आधी काय झालं होतं?" वागणुकीच्या तक्रारीत आधी काय घडलं, मुलाने काय केलं आणि त्यानंतर त्याला काय मिळालं, हे तीन रकाने घरी आठवडाभर भरून आणायला सांगतात. लिहिता न येणाऱ्या आजीला रकाने देऊ नका. मोठ्या बहिणीला द्या, नाहीतर फक्त एका दिवसाचं सविस्तर तोंडी विचारून तुम्हीच भरा.

चाचण्या

बुद्धिमापनाची बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांवर बेतली. मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी बुद्धिमापन श्रेणी केली आणि सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड श्रेणीचं भारतीय रूपही तयार केलं. आपल्या हाताशी असलेल्या या साधनांना आपल्या मातीचा इतिहास आहे, त्याचा अभिमान बाळगा. पण ती जुनी आहेत, तेव्हाचं मूल आणि आजचं मूल वेगळं आहे, हेही निष्कर्ष लिहिताना ध्यानात ठेवा.

चाचणीआधी विचारायचं ते असं: सकाळी किती वाजता निघालात? एसटीत उलटी झाली का? काही खाल्लं का? पहाटे निघून, दोन गाड्या बदलून, रांगेत तीन तास उभं राहिलेल्या उपाशी मुलाची बुद्धी मोजू नका. त्याला खाऊ घाला, किंवा पुढची तारीख द्या. कानाची आणि डोळ्यांची तपासणी झालेली नसेल तर आधी ती. 'मंद' म्हणून आणलेल्या मुलांत कान वाहून वाहून ऐकू कमी येणारी मुलं असतात. घरची बोली बंजारा, वडारी किंवा उर्दू असेल तर मराठी शाब्दिक चाचणीचा आकडा कागदावरसुद्धा आणू नका. सेग्वीन फॉर्म बोर्डसारखी हाताने करायची चाचणी आणि दैनंदिन वागणं यांवर भर द्या.

अध्ययन अक्षमतेबद्दल, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीबद्दल, जरा सविस्तर बोलते, कारण इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ दिव्यांगत्वं आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. दहावी-बारावीला राज्य मंडळ अशा मुलांना सवलती देतं, म्हणून प्रमाणपत्रासाठी पालक येतात आणि ते योग्यच आहे. पण हे निदान करायचं तर मुलाला पुरेसं शिकायला मिळालेलं असावं लागतं. जे मूल दरवर्षी सहा महिने फडावर असतं, त्याला जोडाक्षरं वाचता येत नाहीत याचा पहिला अर्थ ती कुणी शिकवली नाहीत, एवढाच असतो. अशा मुलाला दोन-तीन महिने नेटाने शिकवून पाहायचं. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध', ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, मात्रा: नेमकं कुठे अडतं याची यादी करून गुरुजींना द्यायची. शिकवूनही तोच घोळ तसाच राहिला तर मग पुढची तपासणी. आणि हे निदान मूल आठ वर्षांचं व्हायच्या आत घाईने चिकटवू नका.

बुद्धिमापनाचा आकडा पालकांना कसा सांगायचा? सांगूच नका, निदान सुरुवातीला. मूल काय करू शकतं, कुठे मदत लागेल, घरी कोणी किती वेळ काय करायचं, हे सांगा. "याची बुद्धी पासष्ट आहे" हे वाक्य गावात मुलाच्या आधी पोचतं. प्रमाणपत्रासाठी आकडा लागतो तेव्हा तो अहवालात लिहावा लागतोच. तेव्हा त्याचा अर्थ समजावून, आईबाप दोघांसमोर. तुमच्या अहवालावर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेल्या पर्यवेक्षकाची सही हवी. तुमची नोंदणी होईपर्यंत स्वतःच्या नावावर अहवाल देऊ नका, ओळखीच्या माणसाने कितीही गळ घातली तरी.

संमतीचाही इथेच प्रश्न येतो. आजी मूल घेऊन आली म्हणून ती कायद्याने पालक ठरत नाही. प्राथमिक बोलणं करायला हरकत नाही, पण चाचण्या आणि उपचार यांसाठी आईवडिलांशी फोनवर बोला, काय करणार ते सांगा, आणि कोणाशी कधी बोललात ते केस पेपरवर नोंदवा.

बारा ते अठरा

किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी आली की आधी सगळ्यांना एकत्र बसवून पालकांसमोरच गुप्ततेचं बोला. मी साधारण असं म्हणते: "आम्ही दोघी थोडा वेळ बोलू. ती मला जे सांगेल ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगणार नाही. पण तिच्या जिवाला धोका असेल, ती दुसऱ्याच्या जिवाला धोका करणार असेल, किंवा तिच्यावर कोणी जबरदस्ती, वाईट स्पर्श करत असेल, तर मला ते सांगावंच लागेल, आणि सांगण्याआधी मी तिला कळवेन." हे वाक्य पाठ करा. घाईत अर्धवट सांगितलं तर नंतर विश्वास मोडतो. "कुणालाही सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका.

मग पालकांना बाहेर बसवा. ते नाखूश होतील. त्यांच्यासाठी चहा सांगा, समाजसेविकेला त्यांच्याजवळ बसवा. त्या वेळात तीही बरीच माहिती काढते.

मुलीशी बोलताना घर, शाळा, मैत्रिणी, मोबाइल, झोप, खाणं, पाळी असं सोप्याकडून अवघडाकडे जा. मुलांना तंबाखू, गुटखा, दारू विचारताना "घेतोस का?" न म्हणता "तुमच्या ग्रुपमध्ये काय काय चालतं?" असं विचारा.

आमच्याकडे येणारी एक नेहमीची तक्रार म्हणजे दातखिळी. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, अंग ताठ होतं, दात आवळले जातात, अर्धा तास डोळे उघडत नाही. अपस्मार (फिट) नाही याची खात्री वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून करून घ्या. नसेल तरी "काही नाही झालेलं" किंवा "नाटक करते" ही दोन वाक्यं ओपीडीत कोणी उच्चारता कामा नये. त्या मुलीला खरंच ते होतं आणि तिच्या ताब्यात नसतं. पहिला झटका कधी आला ते विचारा. अनेकदा उत्तर येतं: पाहुणे बघायला आले होते त्या दिवशी.

इथे माझे तीन प्रश्न पुन्हा कामाला येतात. तक्रार घराची असते, की पोरगी आजारी आहे. त्रास मुलीचा असतो, तिला शाळा सोडून लग्न करायचं नसतं. आणि घराचं म्हणणंही ऐकण्यासारखं असतं: आईबाप सहा महिने बाहेर, वयात आलेली मुलगी एकटी कोणाजवळ ठेवायची? त्यांना मुलीची काळजी वाटते, म्हणूनच लग्नाची घाई असते. ही काळजी ऐकून घेतल्याशिवाय कायदा सांगितलात तर घर उठून जाईल. ऐकून घ्या, आणि मग तितक्याच स्पष्टपणे सांगा की १८ वर्षांआधी मुलीचं लग्न २००६च्या कायद्याने गुन्हा आहे, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, आणि १०९८ या बालमदत क्रमांकावर कोणीही कळवू शकतं. मुलींच्या वसतिगृहाची चौकशी तुम्ही स्वतः करून ठेवा, कारण "मग ठेवायचं कुठं?" हा पुढचा प्रश्न असणारच. तारीख ठरलेली असेल तर त्याच दिवशी पर्यवेक्षकाला सांगायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

जिवाचा प्रश्न सरळ विचारा. "इतकं नकोसं होतं तेव्हा मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवा विचार घुसत नाही, उलट मुलं सुस्कारा सोडतात. 'हो' आलं तर कशाने, कधी, कितीदा हे शांतपणे विचारा. आणि शेतकरी घरात एक प्रश्न न विसरता विचारा: "फवारणीचं औषध कुठं ठेवलंय?" बहुतेक वेळा ते पलंगाखाली किंवा कोनाड्यात असतं. किशोरवयीन मुलांची ऊर्मी अनेकदा काही मिनिटांची असते, आणि त्या मिनिटांत कीटकनाशकाची बाटली हाताला लागली तर आपल्याला दुसरी संधी मिळत नाही. ते कुलपात जाईल, किल्ली कोणाकडे राहील, हे घरच्या एका माणसाकडून वदवून घ्या आणि त्याच रात्री फोन करून झालं का ते विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मुलाच्या वहीत लिहून द्या. असं मूल मनोविकारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय घरी सोडायचं नाही. घरच्यांना "पोलीस केस होईल" ही भीती असते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलेलं आहे, हे त्यांना समजावून सांगा.

लैंगिक अत्याचाराचं काही मुलाने सांगितलं तर तपास करू नका. खोदून प्रश्न विचारू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, खुणांसाठी कपडे काढायला सांगू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणा, आणि त्याच तासात पर्यवेक्षकाकडे जा. २०१२च्या पॉक्सो कायद्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो. घर विनवण्या करेल, गावात नाव जाईल म्हणून. कळवण्याचं टाळता येत नाही, पण त्यानंतर त्या घराबरोबर राहणं मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

घर एकत्र बसवताना

घरातली नाती कागदावर काढा: चौकोन पुरुष, गोल बाई, तीन पिढ्या. आजोबा-आजींना हे चित्र फार आवडतं. मेलेल्या माणसांची नावं घेताना ते आपोआप मोकळे होतात. आईला दोष जाईल असा प्रश्न सासूसमोर विचारू नका. बापाला बोलवायचं तर "तुमच्यामुळे झालं" असा सूर नको, "तुमच्याशिवाय जमणार नाही" असा हवा. तो फडावर असेल तर व्हिडिओ कॉल. रेंज नसेल तर साधा फोन, स्पीकरवर.

भेट संपवताना घरी करायची एकच गोष्ट द्या. एक. चार गोष्टी दिल्या तर एकही होत नाही. आणि ती त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या: "आजी, आता घरी गेल्यावर काय करायचं ठरलं आपलं?"

शाळेत फोन करायचा तर पालकांच्या परवानगीने, आणि निदान न सांगता. मूल पुढच्या बाकावर बसवा, वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका, अशी एखादी नेमकी विनंती करा. शाळेत मारहाण होत असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ती चालत नाही, हे मुख्याध्यापकांशी एकांतात, आवाज न चढवता बोला.

तारीख आणि निरोप

पुढची तारीख आठवडी बाजाराच्या दिवशी द्या. त्या दिवशी माणसं तालुक्याला येतातच, वेगळं भाडं आणि बुडालेली मजुरी लागत नाही. ग्रामीण रुग्णालयात आपलं पथक ज्या दिवशी जातं तो दिवस त्यांच्या गावाला जवळचा असेल तर तिथेच बोलवा. कोणी आलं नाही की 'पालकांना आस्था नाही' असं लिहायच्या आधी फोन करा.

पर्यवेक्षणाला येताना केसची माहिती आणाच, पण त्या घराबरोबर बसताना तुम्हाला काय झालं तेही आणा. कोणावर राग आला, कोणत्या मुलाला घरी घेऊन जावंसं वाटलं, कुठे ऐकताना तुमचं लक्ष उडालं. तेवढ्यावरून मला कळतं की तुम्ही त्या घरात कोणाच्या बाजूला जाऊन बसला आहात. नवीन लोक जवळपास नेहमी मुलाच्या बाजूला असतात आणि आईवर चिडतात. ते बोललात की सुटतं.

तुमची पोस्टिंग काही महिन्यांची असते. ही गोष्ट मुलाला पहिल्याच भेटीत सांगा, कालनिर्णयावर महिना दाखवून. आईबाप दरवर्षी न चुकता निघून जातात अशा घरातल्या मुलाला तुम्हीही न सांगता नाहीसे झालात तर त्याला जे माहीत आहे तेच पुन्हा घडतं. शेवटच्या दोन भेटींत पुढच्या प्रशिक्षणार्थ्याला त्याच सतरंजीवर सोबत बसवा, खेळात घ्या. फाइलच्या पहिल्या पानावर, निदानाच्याही वर, त्याच्यासाठी लिहून ठेवा: मूल काय खेळतं, कशाला घाबरतं, घरी त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, आजीला कोणत्या दिवशी यायला जमतं, फोन कोणत्या वेळी लागतो, आणि घरी करायची ठरलेली एक गोष्ट कुठवर आली आहे.